घरगुती गॅसचे अनुदान: पात्रता कशी तपासावी आणि रक्कम कशी मिळवावी

‘आम्हाला गॅसची सबसिडी मिळते का?’ हा प्रश्न ऐकायला एकच असला, तरी त्याला एकच उत्तर देता येत नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या कुटुंबाला हे अनुदान तीन वेगवेगळ्या योजनांतून मिळू शकते: केंद्र सरकारची सर्वसाधारण ग्राहकांसाठी असलेली ‘पहल’, गरीब कुटुंबांतील महिलांसाठी असलेली प्रधानमंत्री उज्ज्वला योजना आणि महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना. तिन्हींचे निकष निराळे आहेत आणि रक्कमही निराळी आहे. शेजारणीच्या खात्यात पैसे जमा होतात आणि आपल्या खात्यात होत नाहीत, यामागे दर वेळी कोणाची चूक असते असे नाही. बहुतेक वेळा दोघींच्या जोडण्याच वेगवेगळ्या योजनांतील असतात. मात्र पात्र असूनही रक्कम हाती न येणे हेही पुष्कळ घरांत घडते, आणि कारण शोधू लागले की बहुधा गाडी नावापाशी येऊन थांबते. जोडणी कोणाच्या नावावर आहे, ते नाव कोणत्या शिधापत्रिकेत आहे आणि त्या व्यक्तीचे आधार कोणत्या बँक खात्याशी जोडलेले आहे, ही तीन उत्तरे एकमेकांशी जुळली की पात्रतेचा निम्म्याहून अधिक गुंता सुटतो.

आधी चार कागद समोर ठेवावेत

एजन्सीत जाण्यापूर्वी गॅसचे पुस्तक, शिधापत्रिका, जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांचे आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक हे चार कागद एकाच वेळी समोर घेऊन बसावे. पुस्तकावरील नाव आणि आधारवरील नाव अक्षरशः एकच आहे का, ते प्रथम पाहावे. लग्नानंतर पुस्तकावर सासरचे नाव आणि आधारवर माहेरचे नाव राहिले असेल, किंवा वडिलांच्या अथवा पतीच्या नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचे असेल, तर पुढे अडचण येण्याची शक्यता आहे, आणि ती अर्ज अडकल्यावर दूर करण्यापेक्षा आधीच दूर करणे सोपे असते.

गॅसच्या पुस्तकावर एजन्सीने दिलेला ग्राहक क्रमांक असतो. त्याखेरीज प्रत्येक जोडणीला १७ अंकी एलपीजी ओळख क्रमांक असतो आणि अनुदानाच्या कामात तोच उपयोगी पडतो. तो पुस्तकावर सापडला नाही, तर ‘माय एलपीजी’ या संकेतस्थळावर आपली कंपनी (इंडेन, भारत गॅस किंवा एचपी गॅस) निवडून आणि नोंदलेला मोबाइल क्रमांक देऊन शोधता येतो, किंवा एजन्सीकडून लिहून घेता येतो. हा क्रमांक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेनने लिहून ठेवावा. नोंदलेला मोबाइल क्रमांक बंद पडला असेल, तर तो त्याच भेटीत बदलून घ्यावा, कारण नंबर लावल्याचा, टाकी पोहोचल्याचा आणि अनुदानाचा संदेश त्याच क्रमांकावर येतो.

‘एक घर, एक जोडणी’ याचा नेमका अर्थ

तिन्ही योजनांचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे एका कुटुंबाला एकच घरगुती जोडणी. गॅसच्या पुरवठ्याविषयीच्या केंद्र सरकारच्या २००० सालच्या आदेशानुसार पती, पत्नी, अविवाहित मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील, जे एका घरात राहतात आणि ज्यांचे स्वयंपाकघर एक आहे, ते मिळून एक कुटुंब धरले जाते. त्यामुळे पतीच्या नावावर एक आणि पत्नीच्या नावावर दुसरी अशा दोन जोडण्या एका घरात ठेवता येत नाहीत. कंपन्या आधार आणि पत्ते यांची पडताळणी करून अशा दुहेरी जोडण्या शोधतात आणि त्या सापडल्या की त्यांचा पुरवठा थांबवतात. दुसरी टाकी हवी असेल, तर त्याच जोडणीवर दुसऱ्या सिलिंडरची अनामत भरून ती घेता येते. त्यासाठी घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या नावाची गरज नसते.

गावाकडे आणि चाळींतून एक प्रश्न वारंवार उभा राहतो. दोन विवाहित भाऊ एकाच घरात राहतात, चुली वेगळ्या झालेल्या आहेत, पण शिधापत्रिका अजून वडिलांच्या नावाची एकच आहे. व्याख्येप्रमाणे ही दोन कुटुंबे आहेत आणि धाकट्या सुनेला स्वतंत्र जोडणी मिळायला हवी. परंतु एजन्सी शिधापत्रिकेतील सर्व प्रौढांची आधार माहिती तपासते, आणि त्यात थोरल्या भावाची जोडणी दिसली की अर्ज थांबतो. अशा वेळी एजन्सीत वाद घालण्यात हशील नाही. आधी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, आणि मुंबईत असाल तर आपल्या विभागाच्या शिधावाटप कार्यालयात, विभक्त शिधापत्रिकेसाठी अर्ज करावा आणि नवी पत्रिका हाती आल्यावरच जोडणीचा अर्ज भरावा. एक सावधगिरी मात्र बाळगावी: अन्नपूर्णा योजनेला यामुळे मर्यादा येते, ती कशी हे पुढे सांगितले आहे.

सर्वसाधारण ग्राहक: पात्रता आहे, रक्कम मात्र शून्य

‘पहल’ ही योजना १५ नोव्हेंबर २०१४ रोजी ५४ जिल्ह्यांत आणि १ जानेवारी २०१५ पासून संपूर्ण देशात लागू झाली. ग्राहकाने टाकीची बाजारातील किंमत पूर्ण द्यायची आणि अनुदानाची रक्कम सरकारने थेट बँक खात्यात जमा करायची, अशी तिची रचना आहे. या योजनेत वर्षाला १४.२ किलोच्या १२ टाक्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे.

जानेवारी २०१६ पासून तिला उत्पन्नाची अट लागली. ग्राहकाचे किंवा ग्राहकाच्या पती अथवा पत्नीचे मागील आर्थिक वर्षातील करपात्र उत्पन्न १० लाख रुपयांपेक्षा जास्त असेल, तर अनुदान मिळत नाही. ही अट वाचताना दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे एकूण पगारालाच उत्पन्न समजणे. अटीत शब्द ‘करपात्र उत्पन्न’ असा आहे, म्हणजे कायद्याने मान्य असलेल्या वजावटी झाल्यावर उरणारी रक्कम. दुसरी चूक म्हणजे पती-पत्नीच्या उत्पन्नाची बेरीज करणे. दोघांपैकी एकाचेही उत्पन्न स्वतंत्रपणे १० लाखांच्या पुढे गेलेले नसेल, तर अट मोडत नाही.

असे असले तरी आज या ग्राहकांच्या खात्यात पैसे का येत नाहीत, हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत आंतरराष्ट्रीय बाजारात गॅसचे भाव कोसळले, अनुदानित आणि विनाअनुदानित टाकीच्या किमतीतील फरक संपला आणि त्यामुळे जमा करण्याजोगी रक्कमच उरली नाही. पुढे भाव वाढले, पण सर्वसाधारण ग्राहकांचे अनुदान बहुतेक ठिकाणी पुन्हा सुरू झाले नाही. पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या नोकरदार कुटुंबाला २०२० नंतर रक्कम आली नसेल, तर आधार तुटले आहे किंवा एजन्सीने काही गडबड केली आहे असे समजण्याचे कारण नाही, आणि त्यासाठी बँकेत खेटे घालण्याचीही गरज नाही. आधार आणि बँक खात्याची जोडणी मात्र चालू ठेवावी.

उज्ज्वला: खरे अनुदान सध्या येथे आहे

प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेची सुरुवात १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे झाली. सुरुवातीचे उद्दिष्ट ५ कोटी जोडण्यांचे होते, ते नंतर ८ कोटींवर नेले गेले, आणि आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. १० ऑगस्ट २०२१ रोजी महोबा येथून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी ७५ लाख आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी २५ लाख जोडण्यांना मंजुरी मिळाली. हा इतिहास येथे देण्याचे कारण व्यावहारिक आहे: उज्ज्वलाच्या नव्या जोडण्या संख्येने मर्यादित असतात आणि मंजूर संख्या पूर्ण झाली की पुढच्या मंजुरीपर्यंत थांबावे लागते. पात्र असाल, तर अर्ज पुढे ढकलू नये.

पात्रतेच्या मूळ अटी तीन आहेत. अर्जदार महिला असावी आणि तिचे वय १८ वर्षे पूर्ण झालेले असावे. ती गरीब कुटुंबातील असावी. आणि तिच्या कुटुंबात कोणत्याही कंपनीची घरगुती जोडणी आधीपासून नसावी. यांतील दुसऱ्या अटीवरच सर्वाधिक प्रश्न विचारले जातात, म्हणून तिच्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल.

दुसऱ्या टप्प्यात गरीब कुटुंब ठरवण्यासाठी काही प्रवर्ग निश्चित केले गेले: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेचे लाभार्थी, अति मागास वर्ग, अंत्योदय अन्न योजनेचे शिधापत्रिकाधारक, वनवासी, चहामळ्यांतील जमाती, बेटांवर राहणारी कुटुंबे आणि सामाजिक-आर्थिक जातगणनेच्या यादीतील कुटुंबे. यांपैकी कोणत्याही प्रवर्गात न बसणाऱ्या, पण प्रत्यक्षात गरीब असलेल्या कुटुंबासाठी घोषणापत्राचा मार्ग ठेवला आहे. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून एखाद्या महिलेला परत पाठवले गेले, तर तिने घोषणापत्राचा नमुना मागावा.

या घोषणापत्रात कुटुंबाची स्थिती नकारार्थी विधानांच्या रूपात लिहून द्यायची असते. घरातील कोणाचेही उत्पन्न दरमहा १०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. कोणीही आयकर किंवा व्यवसाय कर भरत नाही. कोणीही सरकारी नोकरीत नाही. किसान क्रेडिट कार्डाची कर्जमर्यादा ५०,००० रुपयांच्या वर नाही. सिंचनाच्या साधनासह अडीच एकर किंवा त्याहून अधिक बागायत जमीन नाही. यंत्रावर चालणारे तीनचाकी अथवा चारचाकी वाहन नाही, अशा स्वरूपाची ही विधाने आहेत. नमुन्यात अधूनमधून बदल होत असल्यामुळे एजन्सीकडून मिळालेला छापील अर्जच वाचावा, आणि अर्जदार महिलेला वाचता येत नसेल, तर प्रत्येक विधान तिला मोठ्याने वाचून दाखवावे. सही किंवा अंगठा तिचा असतो, आणि चुकीच्या घोषणेची जबाबदारीही तिच्यावरच येते. घाईघाईने अंगठा घेऊन कागद पुढे सरकवण्याची पद्धत योग्य नाही. ज्या घरात एखाद्या मुलाने कर्जावर मालवाहू रिक्षा घेतली आहे, त्या घराने तर हे विधान वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये.

अर्जासोबत ग्राहक माहितीचा अर्ज, अर्जदार महिलेचे आधार, शिधापत्रिका, शिधापत्रिकेत नाव असलेल्या सर्व प्रौढ सदस्यांचे आधार, छायाचित्र आणि बँक खात्याचा क्रमांक व आयएफएससी कोड द्यावा लागतो. अर्ज जवळच्या एजन्सीत प्रत्यक्ष देता येतो, किंवा योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरून कंपनी आणि वितरक निवडून भरता येतो. ऑनलाइन अर्ज भरला, तरी आधारची प्रत्यक्ष पडताळणी करून घ्यावी लागते, त्यामुळे ती महिला स्वतः उपस्थित असणे आवश्यक ठरते.

रोजगारासाठी गाव सोडून राहणाऱ्या कुटुंबांसाठी असलेली सवलत महाराष्ट्रात विशेष महत्त्वाची आहे. बीड, अहिल्यानगर किंवा जालना जिल्ह्यातून साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, वीटभट्टीवरचे मजूर, शहरात बांधकामावर राहणारी कुटुंबे यांची शिधापत्रिका गावाकडे असते आणि राहत्या ठिकाणाचा पुरावा त्यांच्याकडे नसतो. दुसऱ्या टप्प्यापासून स्थलांतरित कुटुंबांना शिधापत्रिका आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी विहित नमुन्यातील स्वयंघोषणापत्र देण्याची मुभा आहे. एजन्सीतील कर्मचाऱ्याने ‘येथले रेशन कार्ड आणा’ असे सांगितले, तर या मुभेचा उल्लेख करून स्वयंघोषणापत्राचा नमुना मागावा. याच कुटुंबांना ५ किलोच्या टाकीचा पर्यायही घेता येतो. ती डोक्यावरून नेता येते आणि भरून घेण्यासाठी एका वेळी कमी पैसे लागतात.

जोडणी मंजूर झाल्यावर टाकीची व रेग्युलेटरची अनामत, सुरक्षा नळी, गॅसचे पुस्तक आणि जोडणी बसवण्याचा खर्च सरकार उचलते. दुसऱ्या टप्प्यापासून पहिली भरलेली टाकी आणि शेगडीही विनामूल्य मिळते. याखेरीज कोणत्याही नावाखाली रक्कम मागितली गेल्यास पावतीचा आग्रह धरावा.

पुढील प्रत्येक टाकीवर मिळणारे अनुदान मे २०२२ मध्ये २०० रुपये ठरले आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये झाले. वर्षाला किती टाक्यांवर ते मिळावे, हा आकडा केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवते. आधी तो १२ होता आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी तो ९ करण्यात आला. ५ किलोच्या टाकीला याच प्रमाणात रक्कम मिळते, म्हणजे एका टाकीला साधारण १०५ रुपये. उदाहरणादाखल, एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत १४.२ किलोची टाकी ८५३ रुपयांना मिळत होती आणि उज्ज्वला ग्राहकाला ती अनुदान वजा जाता ५५३ रुपयांना पडत होती. येथे ‘वजा जाता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण टाकी घेताना पूर्ण रक्कमच द्यावी लागते आणि ३०० रुपये नंतर खात्यात येतात. टाकी आणणाऱ्या माणसाला सवलतीची किंमत मागणे निरुपयोगी आहे. तो ती देऊ शकत नाही. दर एप्रिलमध्ये नव्या वर्षाची टाक्यांची संख्या आणि अनुदानाची रक्कम एजन्सीत विचारून घ्यावी.

मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना

महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ही योजना जाहीर केली आणि तिचा शासन निर्णय ३० जुलै २०२४ रोजी निघाला. पात्र कुटुंबाला वर्षाला तीन टाक्या विनामूल्य भरून देणे, हे तिचे स्वरूप आहे. दोन गटांतील महिला तिला पात्र आहेत: उज्ज्वलाच्या लाभार्थी आणि मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेस पात्र असलेल्या महिला. लाडकी बहीण योजनेचे मुख्य निकष म्हणजे वय २१ ते ६५ वर्षे, महाराष्ट्रातील रहिवास, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत, आणि कुटुंबात आयकर भरणारी व्यक्ती, कायम सरकारी नोकरी किंवा ट्रॅक्टर वगळता चारचाकी वाहन नसणे.

एवढ्याने पात्रता पूर्ण होत नाही. गॅसची जोडणी त्या महिलेच्याच नावावर असावी लागते. लाभ फक्त १४.२ किलोच्या टाकीला आहे. शिधापत्रिकेनुसार एका कुटुंबात एकच महिला लाभार्थी ठरते, त्यामुळे सासू आणि सून या दोघीही लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थी असल्या, तरी गॅसचा लाभ एकीलाच मिळतो. १ जुलै २०२४ नंतर विभक्त झालेल्या शिधापत्रिका या योजनेसाठी ग्राह्य धरल्या जात नाहीत, आणि एका महिन्यात एकाहून अधिक टाकीवर लाभ मिळत नाही. वर विभक्त शिधापत्रिकेबाबत सावधगिरी सांगितली ती याच अटीमुळे: विभक्त पत्रिका काढून नवी उज्ज्वला जोडणी मिळवता येईल, पण त्या जोडणीवर तीन मोफत टाक्या मिळतील असे गृहीत धरू नये. त्याचप्रमाणे ५ किलोची टाकी निवडणाऱ्या स्थलांतरित कुटुंबाने आपण अन्नपूर्णाच्या लाभाबाहेर राहतो हे लक्षात घेऊन निवड करावी. वर्षातले सहा महिने गावी राहणाऱ्या कुटुंबाला मोठी टाकीच परवडेल, हे हिशेब मांडला की सहज दिसते.

‘मोफत’ या शब्दामुळेही गैरसमज झालेला आहे. येथेही टाकीचे पूर्ण पैसे आधी द्यावे लागतात. शासन निर्णयात टाकीची सरासरी किंमत ८३० रुपये धरून रक्कम ठरवली आहे: उज्ज्वलाच्या लाभार्थी महिलेला केंद्राचे ३०० रुपये मिळतातच, म्हणून राज्याकडून ५३० रुपये, आणि लाडकी बहीण योजनेतील महिलेला राज्याकडून पूर्ण ८३० रुपये. उज्ज्वला लाभार्थीच्या पासबुकात त्यामुळे एका टाकीसाठी दोन वेगळ्या नोंदी दिसतात आणि त्या एकाच दिवशी येतील असे नाही. एकच नोंद दिसली म्हणून लगेच तक्रार करू नये. पण दुसरी नोंद महिना उलटूनही आली नाही, तर तक्रार अवश्य करावी.

गोव्यात, बेळगावात किंवा इंदूरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पहल आणि उज्ज्वला यांचे नियम येथे सांगितल्याप्रमाणेच लागू होतात. अन्नपूर्णा योजना महाराष्ट्रापुरती आहे.

जोडणी पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर

सर्वाधिक महिला अन्नपूर्णाला मुकतात त्या येथे. घरात वीस वर्षे गॅस असतो, स्वयंपाक तीच करते, टाकीचे पैसेही पुष्कळदा तीच साठवते, पण पुस्तकावर नाव पतीचे, नाहीतर हयात नसलेल्या सासऱ्यांचे असते. ही जोडणी महिलेच्या नावावर करून घेता येते आणि हे काम एजन्सीतच होते. पती हयात असतील, तर त्यांचे संमतीपत्र, दोघांची आधार कार्डे, मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर आणि गॅसचे पुस्तक घेऊन जावे. मूळ धारकाचा मृत्यू झाला असेल, तर मृत्यू प्रमाणपत्र आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र लागते. व्हाउचर गहाळ झाले असल्यास तसे घोषणापत्र द्यावे लागते, म्हणून घरातील जुन्या फायलींमध्ये ते आधी शोधावे. अनामत भरल्याचा तोच पुरावा असतो.

येथे एक भेद स्पष्ट ठेवावा. पतीची जोडणी पत्नीच्या नावावर झाली, म्हणजे ती उज्ज्वला जोडणी झाली असे होत नाही. तिला केंद्राचे ३०० रुपये मिळणार नाहीत. ती लाडकी बहीण योजनेस पात्र असेल आणि अन्नपूर्णाच्या इतर अटी पूर्ण होत असतील, तर तिला राज्याचा लाभ मिळू शकतो, एवढाच या बदलाचा परिणाम आहे. काही जण पतीची जोडणी परत करून पत्नीच्या नावाने उज्ज्वलासाठी नवा अर्ज करण्याचा सल्ला देतात. जुनी जोडणी परत करताना नियम आणि कुटुंबाची स्थिती नीट न पाहिल्यास घरात गॅसच न राहण्याची वेळ येऊ शकते, म्हणून हा सल्ला मी देणार नाही.

पैसे नेमके कोणत्या खात्यात जातात

अर्जात आपण खाते क्रमांक लिहितो, पण आधारवर आधारित अनुदान त्या महिलेच्या आधारशी ‘एनपीसीआय’च्या (बँकांमधील पैशांच्या देवाणघेवाणीची व्यवस्था चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत जे खाते जोडलेले असेल, त्या खात्यात जाते, आणि त्या नोंदीत सर्वांत शेवटी जोडलेले खातेच धरले जाते. एखाद्या महिलेने २०१६ मध्ये जिल्हा बँकेचे खाते दिले असेल आणि नंतर दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी टपाल खात्याच्या बँकेत आधारशी जोडलेले नवे खाते उघडले असेल, तर गॅसचे अनुदान नव्या खात्यात जमा होत राहते आणि ती जुन्या पासबुकात नोंद शोधत बसते. रक्कम आली नाही अशी शंका आल्यास सर्वप्रथम आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आपले आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेले आहे ते पाहावे. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल जवळ लागतो. बदल करायचा असेल, तर ज्या बँकेत पैसे यावेत असे वाटते, त्या शाखेत आधार जोडणीचा अर्ज द्यावा. एजन्सीत दिलेल्या अर्जाने ही नोंद बदलत नाही.

खाते वापरात नसल्यामुळे निष्क्रिय झाले असेल किंवा त्याची केवायसी थकली असेल, तरीही रक्कम परत जाते. असे खाते शाखेत जाऊन आधी सुरू करून घ्यावे.

दर वर्षीची पडताळणी

उज्ज्वलाच्या लाभार्थींना प्रत्येक आर्थिक वर्षात एकदा आधारची बायोमेट्रिक पडताळणी करावी लागते. ती एजन्सीत अंगठा लावून होते, टाकी घरी आणणाऱ्या कर्मचाऱ्याकडील उपकरणावर होऊ शकते, किंवा कंपनीच्या मोबाइल ॲपवर चेहऱ्याच्या छायाचित्राने घरबसल्या करता येते. यासाठी कोणतेही शुल्क नाही, आणि नवी नळी किंवा अन्य वस्तू विकत घेण्याची अटही नाही. शेतात, वीटभट्टीवर किंवा धुण्या-भांड्यांच्या कामात हातांचे ठसे झिजलेल्या महिलांचा अंगठा उपकरणावर उमटत नाही. अशा वेळी तिला परत न पाठवता चेहऱ्याद्वारे पडताळणी करून घेण्याची विनंती करावी. मार्चअखेरची गर्दी टाळून हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकून घेणे सोयीचे असते.

रक्कम आलीच नाही तर

टाकी मिळाल्याची तारीख, भरलेली किंमत आणि पावती जपून ठेवावी. रक्कम साधारण आठवडाभरात न आल्यास प्रथम ‘माय एलपीजी’ संकेतस्थळावर त्या टाकीच्या अनुदानाची स्थिती पाहावी. तेथे रक्कम पाठवल्याची नोंद असेल, तर प्रश्न बँकेचा आहे आणि एजन्सीत जाण्यात वेळ जाईल. नोंद नसेल, तर प्रश्न एजन्सीचा किंवा पडताळणीचा आहे. हा भेद आधी केला, तर बँक आणि एजन्सी यांच्यामध्ये होणारी फरफट पुष्कळ प्रमाणात टळते.

एजन्सीत तक्रार तोंडी करू नये. १७ अंकी क्रमांक, टाकीची तारीख आणि पासबुकाची प्रत जोडून लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तेथे दाद लागली नाही, तर १८००-२३३३-५५५ या विनाशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवावी. उज्ज्वलासाठी स्वतंत्र मदत क्रमांक १८००-२६६-६६९६ हा आहे. दोन्ही ठिकाणी मिळणारा तक्रार क्रमांक गॅसच्या पुस्तकातच लिहून ठेवावा. अन्नपूर्णाच्या रकमेबाबत अडचण असेल, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत किंवा जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा आणि त्यात लाभार्थी महिलेचे नाव, शिधापत्रिका क्रमांक आणि कोणत्या महिन्यातील टाकीची रक्कम बाकी आहे हे स्पष्ट लिहावे. १९०६ हा क्रमांक गॅसगळतीसाठी राखीव आहे. अनुदानाच्या तक्रारीसाठी तो वापरू नये.